जुना संगणक : बिघाड वेगळा, वय वेगळे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर गेल्या आठवड्यात जुन्या डेस्कटॉप संगणकांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. पाच-सहा वर्षे वापरलेला संगणक मंदावला, मध्येच बंद पडू लागला किंवा सुरू होताना कुरकुर करू लागला, की त्याच्यावर वेळ आणि पैसा घालण्यात अर्थ नाही, तो बदलावा हेच बरे, असा त्या लेखाचा रोख होता. लेखकाची भाषा समंजस आहे आणि काही वाचकांच्या बाबतीत हा सल्ला योग्यही ठरेल, हे मान्य करूनही मला त्यात एक मूलभूत गफलत दिसते. संगणकाचा बिघाड आणि संगणकाचे वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बिघाड शोधून काढायचा असतो, वयाचा फक्त हिशेब करायचा असतो; आणि पहिले काम न करता दुसऱ्याकडे वळले, की चांगली वस्तू भंगारात जाते आणि खराब भाग कधी कधी नव्या संगणकातही आपल्याबरोबर येतो. हे मी अनुभवावरून लिहीत आहे, म्हणून पत्र थोडे लांबले तर क्षमा असावी.

माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. दिवसाचे सात-आठ तास मी ज्या संगणकासमोर बसते, तो २०१२ साली सुटे भाग जोडून तयार केलेला आहे. इंटेलचा तिसऱ्या पिढीतला कोअर आय-३ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात तो मुख्य बोर्ड), ४ जीबी डीडीआर३ रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी स्मृती) आणि मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क, असा त्याचा मूळ संसार. त्यातले मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कॅबिनेट आजही तेच आहेत; बाकीचे बहुतेक बदलले. मधल्या काळात हा संगणक ‘गेला’ असे मला तीनदा सांगण्यात आले आणि तिन्ही वेळा गेलेली वस्तू भलतीच निघाली.

पहिला प्रसंग सातव्या वर्षीचा. सकाळी बटण दाबले की पंखा फिरे, पडद्यावर विंडोजचे चिन्ह क्षणभर उमटे, निळा पडदा डोळ्यांसमोरून सर्रकन जाई आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. हे चक्र थांबेना. ज्यांना तो दाखवला त्या गृहस्थांनी कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले आणि या जातीचा मदरबोर्ड आता नवा मिळत नाही, तेव्हा प्रोसेसर आणि रॅमही नवी घ्यावी लागेल, असा पुढचा हिशेबही मांडून दाखवला. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. त्याआधीचे दोन-तीन आठवडे संगणकाचे घड्याळ सारखे मागे जात होते. तारीख थेट काही वर्षे मागची दिसे, आणि ब्राउझर उघडला की रोजची संकेतस्थळे ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसत. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला वैधतेची सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा असतात. संगणकाच्या मते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसेल, तर तो बिचारा नकार देणारच.

घड्याळ मागे जाण्याचे कारण मदरबोर्डवरचा नाण्यासारखा छोटा सेल. सीआर२०३२ हे त्याचे नाव, आणि त्या आकड्यांतच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तो ३ व्होल्टचा असतो. संगणकाला भिंतीतून वीज मिळत असते तोवर घड्याळाला त्या सेलची फारशी गरज लागत नाही. काम संपले की भिंतीवरचे बटणही बंद करण्याची माझ्यासारखी ज्यांना सवय आहे, त्यांचा सेल त्यामुळे लवकर उतरतो. मल्टिमीटर लावला तेव्हा माझ्या सेलवर २.४ व्होल्ट भरले. सेल बदलला, घड्याळ स्थिरावले, पण निळा पडदा तसाच. इथे पुष्कळ जण हात टेकतात, कारण सेल बदलूनही संगणक सुरू झाला नाही म्हणजे दोष मदरबोर्डचाच, असा निष्कर्ष सोपा असतो. वस्तुस्थिती अशी की सेल उतरला तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, नोंदवलेल्या साऱ्या निवडी पुसल्या जाऊन कारखान्यातल्या मूळ निवडी परत आल्या होत्या, आणि त्यात हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’ ऐवजी ‘आयडीई’ झाली होती. विंडोज टाकताना जी पद्धत निवडलेली होती ती सुरुवातीला न सापडल्यामुळे विंडोज पहिल्या पायरीवरच ठेचकाळत होते. बायोसमध्ये जाऊन ती एक ओळ पूर्ववत केली आणि संगणक असा सुरू झाला, जसे काही घडलेच नव्हते. ज्या मदरबोर्डला निरोप द्यायची तयारी झाली होती, त्याच मदरबोर्डवर हे पत्र टंकलिखित होत आहे.

दुसरा प्रसंग मला अधिक शिकवून गेला. काम करता करता संगणक अर्धा-पाऊण मिनिट गोठे. माउसचा बाण हले, पण काहीही उघडेना; कॅबिनेटवरचा लाल दिवा मात्र अखंड जळत राही. मग आपोआप सारे सुरळीत होई. या वेळचा सल्ला होता : हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे, बदला. सल्ला देणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, कारण अशा गोठण्यामागे बरेचदा कारण तेच असते. पण हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही स्वतः ठेवत असते आणि ती वाचायला कोणतेही फुकट मिळणारे साधन पुरते, हे त्यांनीही सांगितले नाही आणि आपल्या लेखातही आले नाही. ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदवहीत क्रमांकवार रकाने असतात. त्यातले बहुतेक सामान्य माणसाने सोडून द्यावेत. पाहण्यासारखे चारच. पाचव्या क्रमांकाच्या रकान्यात खराब होऊन राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांची, संख्या असते. १९७ मध्ये वाचायला त्रास देणाऱ्या, पण अजून निकालात न निघालेल्या सेक्टरांची. १९८ मध्ये दुरुस्त न होणाऱ्यांची. हे तीन आकडे शून्य असावेत, आणि शून्य नसतील तर निदान वाढत नसावेत. १९७ चा आकडा दिवसागणिक चढत असेल, तर डिस्क दुरुस्त करणारी कोणतीही आज्ञा चालवू नये, आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण मरणाऱ्या डिस्कला संपूर्ण पृष्ठभाग वाचायला लावणे हाच तिच्यावरचा शेवटचा घाव ठरू शकतो.

माझ्या डिस्कचे हे तिन्ही आकडे शून्य होते. पण चौथा, १९९ क्रमांकाचा, सातशेच्या पुढे गेला होता. हा रकाना डिस्कच्या तबकड्यांविषयी काहीच सांगत नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर पडताळणीचा एक आकडा जातो. तो पलीकडे जुळला नाही, की गठ्ठा पुन्हा पाठवावा लागतो आणि या रकान्यात एकाची भर पडते. म्हणजे दोष मधल्या वाटेत, केबलमध्ये. कॅबिनेट उघडून पाहिले तर साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या जोडणीची, ती चपटी लाल केबल झाकणाखाली दाबली जाऊन काटकोनात मुडपलेली होती. नवी केबल लावली. १९९ चा आकडा खाली येत नाही, तो आयुष्यभराचा असतो. पण त्या दिवसानंतर तो एकानेही वाढला नाही. मी केबलच्या तक्रारीवर डिस्क बदलली असती, तर नवी डिस्कही त्याच मुडपलेल्या केबलवर लागली असती, आठवड्याभरात तीही गोठू लागली असती आणि मग पुन्हा दोष मदरबोर्डवर गेला असता.

तिसरी गोष्ट इतकी नीटस नाही. आठव्या वर्षी संगणक कामाच्या भरात एकाएकी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. सूचना नाही, निळा पडदा नाही. अशा वेळी संशयित दोन असतात, उष्णता आणि वीजपुरवठा, आणि माझ्या दुर्दैवाने दोघेही दोषी होते. प्रोसेसरचे तापमान दाखवणारे साधन चालवले, तर दोन मिनिटांच्या जड कामातच आकडा ९० अंशांच्या पुढे जाई. बाहेरून पाहता पंखा स्वच्छ होता. पण पंखा उचलल्यावर त्याच्या खाली, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांच्या माथ्यावर, धुळीचा असा दाट थर सापडला की तो नखाने सोलला तर जाड लोकरीच्या कापडाच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी आठ वर्षांपूर्वीची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली, हीटसिंकच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने दाबल्या आणि तेच जड काम पुन्हा चालवले, तेव्हा तापमान ६० ते ६५ च्या दरम्यान राहिले. इथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. धूळ फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवावा, वाऱ्याने तो बेफाम फिरू देऊ नये. आणि घरातल्या धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी मदरबोर्डजवळ नेऊ नये, कारण तिच्या तोंडाशी स्थिर विद्युतभार साठतो. आपल्या बोटाला झटका जाणवायला सुमारे तीन हजार व्होल्टचा भार लागतो; चिप मात्र त्याहून पुष्कळ कमी भाराने, आपल्याला काहीही न जाणवता, दुखावते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी वीज काढावी, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा.

सफाईनंतर तापमान सुधारले, पण संगणक बंद पडणे कमी झाले एवढेच, थांबले नाही. एका बिघाडाआड दुसरा दडलेला असू शकतो, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता आणि सफाईने काम झाले असे समजून पंधरा दिवस उगाच काढले. मग वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो तपासला. त्यातून येणाऱ्या पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लाल तारेवर ५ व्होल्ट आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट असावे लागतात, आणि त्यात ५ टक्क्यांची कमीजास्त चालते. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ च्या खाली जाता कामा नये. संगणक स्वस्थ असताना माझ्या मल्टिमीटरवर ११.७ दिसत होते, म्हणजे सारे आलबेल. जड काम लावले, तर ते ११.१ वर उतरले आणि माझ्या देखत संगणक बंद झाला. रिकाम्या संगणकाचे मोजमाप घेऊन एसएमपीएस चांगला असल्याचा निर्वाळा देणे म्हणजे बसलेल्या माणसाची नाडी पाहून त्याला पहाड चढायला पाठवण्यासारखे आहे. नवा एसएमपीएस लावला आणि तो प्रश्न मिटला. जुना मी उघडला नाही आणि वाचकांनीही उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागात, जिवाला धोका होईल एवढा भार शिल्लक राहू शकतो.

कॅपॅसिटरचा विषय निघालाच आहे तर मदरबोर्डविषयी एक शब्द. मदरबोर्ड खरोखरच जातो तेव्हा पुष्कळदा तो डोळ्यांना दिसेल अशी खूण ठेवतो. प्रोसेसरच्या आजूबाजूला उभी असलेली छोटी नळकांडी माथ्यावर सपाट असायला हवीत. माथा फुगलेला असेल किंवा तिथून तपकिरी द्रव झिरपून वाळलेला असेल, तर तो कॅपॅसिटर निकामी झाला आहे. २००० च्या आसपास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सदोष द्रवाचे कॅपॅसिटर जगभरच्या असंख्य मदरबोर्डांत बसवले गेले होते आणि ते अकालीच फुटले. तेव्हापासून ‘जुना मदरबोर्ड म्हणजे गेलेला मदरबोर्ड’ ही समजूत रूढ झाली असावी, असे मला वाटते. नंतरच्या बोर्डांवर घन स्वरूपाचे कॅपॅसिटर आले, ते बरेच टिकाऊ आहेत. द्रवाच्या कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे धूळ काढण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रॅमविषयी थोडक्यात. पडदा काळा आणि संगणक नुसता बीप देत असेल, तर रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवाव्यात. दोन असतील तर एकेक लावून पाहावी. बीप किती आणि किती लांब, याचा अर्थ बायोसगणिक वेगळा असतो. तो मदरबोर्डच्या पुस्तिकेतच पाहावा. पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने घासण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिने काम होते, हे मी नाकारत नाही. पण रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवेच दुखणे उभे राहते, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड बरे. अधूनमधून, कोणत्याही क्रमाविना, वेगवेगळे प्रोग्रॅम कोसळत असतील तर मेमटेस्ट८६ सारखे साधन रात्रभर चालवावे. एकही चूक दिसली, तर पट्टी सदोष असण्याची दाट शक्यता असते. ‘एकच तर चूक आहे’ अशी सवलत तिथे देता येत नाही.

हे सगळे झाल्यावर वयाकडे वळावे, आणि तिथे माझे व आपल्या लेखकाचे फारसे मतभेद उरत नाहीत. संगणक निरोगी असूनही मंद आहे, तर काय बदलल्याने फरक पडेल? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे : हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्यात सुई त्या कड्यापर्यंत नेण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले, की सेकंदाला जेमतेम ८० ठिकाणची माहिती हाती येते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली ठिकठिकाणाहून वाचते. एसएसडीत फिरणारे काही नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. माझा मदरबोर्ड जुन्या साटाचा, म्हणजे सेकंदाला फार तर ३०० एमबी सोडणारा, आणि आजच्या साटा एसएसडी त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाच्या. तेव्हा निम्मा वेग वाया जाईल म्हणून एसएसडी घेऊ नका, असे मला एका जाणकाराने सुचवले होते. हा हिशेब कागदावर बरोबर आणि व्यवहारात चुकीचा आहे. लाभ एका ओळीत वाचण्याच्या वेगात नसून इकडेतिकडे धावण्याच्या वेगात आहे, आणि तो जुन्या साटावरही जवळजवळ पूर्ण मिळतो. पूर्वी बटण दाबून मी पाणी पिऊन येत असे. आता खुर्ची पुढे ओढेपर्यंत पडदा तयार असतो. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. ती कॅबिनेटमध्येच जुन्या कामांचे कोठार म्हणून राहिली आहे, आणि महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत बाहेर, संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर असते.

रॅम वाढवण्याच्या बाबतीत मी स्वतः फजिती करून घेतली आहे. २०१८ साली, एसएसडीच्या आधी, मी दुसरी ४ जीबीची पट्टी आणून लावली. बायोसने ८ जीबी मोजली, पण विंडोज ३.२ जीबीच्या पुढे वापरायला तयार होईना. मी पट्टी परत करायला निघाले होते. दोष पट्टीचा नव्हताच. माझे विंडोज ३२ बिटचे होते, आणि ३२ बिटांत ४ जीबीच्या पुढचे पत्ते मांडताच येत नाहीत, त्यातलेही काही ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवले जातात. विंडोज ७ ला मिळणारे संरक्षण १४ जानेवारी २०२० रोजी संपले, तेव्हा एसएसडीबरोबर ६४ बिटचे विंडोज १० टाकले, आणि दोन वर्षे निष्क्रिय बसलेली ती पट्टी त्या दिवशी कामाला लागली. रॅम घेण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी मी ज्या क्रमाने पाहायला हव्या होत्या तो क्रम असा : नेहमीचे काम चालू असताना रॅम खरोखर भरते का, विंडोज किती बिटचे आहे, मदरबोर्ड जास्तीत जास्त किती स्वीकारतो, आणि शेवटी पट्टीची जात कोणती. डीडीआर३ ला २४० टोके आणि १.५ व्होल्ट, तर डीडीआर४ ला २८८ टोके आणि १.२ व्होल्ट, मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये, एवढे सांगितलेले बरे, कारण जोर लावून तुटलेला स्लॉट मी पाहिला आहे.

प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. माझ्या मदरबोर्डच्या एलजीए ११५५ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या जागेत, इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात. म्हणजे दहा वर्षांहून जुना, कुणीतरी वापरलेला प्रोसेसर शोधून आणायचा, गरज पडल्यास आधी बायोस अद्ययावत करायचे आणि हाती येणार थोडासा वेग. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट ७५ वॅटपर्यंतच वीज देतो. त्याहून जास्त मागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते, आणि मग एसएमपीएसही बदलावा लागतो. मात्र एका तक्रारीवर कार्डाचा उपयोग होतो. इंटरनेटवरच्या चित्रफिती आता व्हीपी९ आणि एव्ही१ या स्वरूपांत येतात. व्हीपी९ २०१३ चे आणि एव्ही१ २०१८ चे, म्हणजे २०१२ च्या प्रोसेसरला ती उलगडणारी खास यंत्रणा असणे शक्यच नाही. सारा भार तो नुसत्या गणितावर पेलतो, म्हणून पंखा जोरात फिरतो आणि चित्र अडखळते. मला चित्रफिती क्वचितच लागतात. ज्यांना रोज लागतात, त्यांच्या दृष्टीने हा संगणक खरोखर म्हातारा झाला आहे, हे मी मान्य करते.

आता आपल्या लेखाच्या शेवटच्या मुद्द्याकडे येते. विंडोज १० चे नियमित संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ जुन्या संगणकांवर चालत नाही, म्हणून ते निरुपयोगी झाले, असे लेखात म्हटले आहे. यातले पहिले विधान अचूक आहे. दुसरेही बव्हंशी खरे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतरीत्या चालतात, जे २०१७ मध्ये बाजारात आले. त्याआधीचा संगणक कितीही निरोगी असला तरी या दारातून आत जात नाही. पण त्यावरून काढलेला तिसरा निष्कर्ष मला पटत नाही. हा यंत्राचा बिघाड नव्हे. एका कंपनीने आखलेली रेषा आहे, आणि ती आखण्यामागे सुरक्षेची सबळ कारणे असली तरी रेषेच्या अलीकडे राहिलेल्यांना दुसरी वाट आहे. मी गेल्या वर्षी विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकली. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात तयारच होता, ऑफिसचे काम लिब्रेऑफिसवर होते, आणि जुने छापयंत्र कोणतीही सीडी न मागता ओळखले गेले, याचे मला आश्चर्य वाटले. सगळेच सुखाचे झाले असे नाही. मांडणीचे एक जुने सॉफ्टवेअर, ज्यात युनिकोडपूर्व फाँटांत केलेली माझी कितीतरी कामे आहेत, ते लिनक्सवर चालत नाही. त्यासाठी विंडोज १० चे छोटे विभाजन ठेवले आहे, आणि ते चालू करण्यापूर्वी मी इंटरनेटची केबल मागून काढून ठेवते. ही कसरत प्रत्येकाला जमेल किंवा आवडेल, असा माझा आग्रह नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. माझ्या एका कॅबिनेटने या ढिगात काय फरक पडणार, हे मलाही कळते. पण मुडपलेल्या केबलपायी किंवा उतरलेल्या सेलपायी त्या ढिगात जाणारी यंत्रे थोडी नसावीत, असा माझा तर्क आहे.

म्हणून आपल्याला आणि आपल्या लेखकांना दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की या सदराच्या पुढच्या भागांत कोणता संगणक घ्यावा यापूर्वी, हाती आहे तो कसा तपासावा, हे एकदा सविस्तर यावे : स्मार्टचे ते चार रकाने, भाराखालचे व्होल्ट, तापमान, घड्याळाची तारीख, आणि एका वेळी एकच भाग बदलून पाहण्याची शिस्त. दुसरी विनंती दुरुस्तीच्या व्यवसायातल्या मंडळींपर्यंत आपल्या पानाद्वारे पोचावी. अमुक भाग निकामी आहे असे सांगताना तो निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला, हे त्यांनी पावतीवर एका ओळीत लिहावे आणि काढलेला जुना भाग न मागता ग्राहकाच्या हाती परत द्यावा. ‘मदरबोर्ड गेला’ असे तोंडी ऐकले तेव्हा मी घाबरले होते. तेच जर ‘सेलवर २.४ व्होल्ट, बायोस मूळ निवडींवर’ असे लिहून मिळाले असते, तर घाबरण्याचे कारणच उरले नसते, आणि त्या गृहस्थांकडे मी आजही जात असते.

आपली,
एक नियमित वाचक